धर्म, हिंसा आणि माणसाची लाज



गेल्या वर्षावासात गेवराई तालुक्यातील एका गावी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. विहार म्हणजे समाजमंदिराची एक खोली, भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर, खाली सतरंजी. त्या रात्री पहिल्या शीलाचा विषय निघाला होता. वाचन संपल्यावर दाराशी बसलेला एक विशीतला मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, मारामारी शिकवणारे धर्म वेगळे. आपण शांतीचा धम्म घेतलाय. त्यांचं ते बघतील, आपला काय संबंध?” चार-पाच माना डोलल्या. या मुलाच्या घराने दीक्षा घेऊन जेमतेम तीन वर्षे झाली आहेत.

त्याच्या मनात हा प्रश्न उगीच आलेला नव्हता. त्याच तालुक्यातील अर्धमसला गावी ३० मार्च २०२५ च्या पहाटे मशिदीत जिलेटिनचा स्फोट झाला. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि दुसऱ्या दिवशी ईद. मशिदीची नासधूस झाली, जीवितहानी झाली नाही. पोलिसांनी दोन तरुणांना अटक केली. जिलेटिनच्या कांड्या म्हणजे काय हे बीड जिल्ह्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. विहिरीचा कातळ फोडायला त्या लागतात. पाणी लागावे म्हणून जी वस्तू आपण वापरतो, तीच कोणी प्रार्थनेच्या जागेत नेऊन पेटवली.

त्या मुलाला मी त्या रात्री जे काही बोललो ते धड नव्हते. तिथे बसलेल्या एका आजींनी मात्र आपल्या परीने उत्तर दिले. ते मी शेवटी सांगेन. मला जे तेव्हा सांगता आले नाही ते आज तुमच्यापुढे ठेवतो, कारण असा प्रश्न तुमच्याही घरात कोणीतरी विचारत असेल.

धर्म आणि हिंसा यांचा संबंध काय, याची दोन उत्तरे बाजारात तयार मिळतात. पहिले असे की, सगळे धर्म प्रेमच शिकवतात, दंगे करतात ते गुंड. दुसरे असे की, साऱ्या हिंसेचे मूळ धर्मच आहे, धर्म गेला की माणूस निवळेल. पहिले उत्तर सत्कार-समारंभात शोभते. दुसरे चार पुस्तके वाचलेल्याला आवडते. पण गावात गुंड असतात किती? फार तर पाच-दहा. घरे जाळायला शे-दोनशे माणसे येतात, त्यांत एरवी मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणारी माणसेही असतात, त्यांचे काय? आणि बांधावरून, पाण्यावरून, वाटणीवरून माणसे एकमेकांची डोकी फोडतात, तेव्हा कोणता देव मध्ये असतो? रशियात स्टॅलिनने देव बाजूला सारले, माणसे मारणे काही थांबले नाही. तेव्हा ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

माझे म्हणणे असे आहे. भांडण बहुधा धर्माच्या आधीचे असते. जमिनीचे, पाण्याचे, नोकरीचे, मानपानाचे. पण माणूस माणसावर हात उगारतो तेव्हा आतून काहीतरी त्याचा हात धरत असते. साध्या भाषेत आपण त्याला लाज म्हणतो. तथागतांनी याला फार मोठे स्थान दिले आहे. पालि भाषेत दोन शब्द आहेत, हिरी आणि ओत्तप्प. हिरी म्हणजे वाईट काम करताना स्वतःचीच स्वतःला वाटणारी लाज. ओत्तप्प म्हणजे त्या कामाच्या परिणामांची आणि सज्जनांच्या बोलाची धास्ती. अंगुत्तर निकायात या दोहोंना जगाचे रक्षण करणारे धम्म म्हटले आहे. राजाच्या सैन्याला तो मान दिलेला नाही, हे ध्यानात घ्या.

धर्माच्या नावाने जेव्हा हिंसा होते, तेव्हा नेमकी ही लाज काढून घेतली जाते. जे काम करताना मान खाली जायला हवी, ते पुण्याचे ठरते. मारणारा घरी जाऊन जेवतो, झोपतो, आणि सकाळी त्याला गावात मान मिळतो. भांडण धर्माने लावलेले नसेलही, पण त्या झोपेची सोय धर्माने केलेली असते.

हे नुसते बोलणे वाटू नये म्हणून आपल्याच मातीतले दाखले घेऊ. प्रथम महाडचा, कारण तिथून आपली वाट सुरू होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. ते तळे नगरपालिकेने ठरावाने सर्वांना खुले केलेले होते, म्हणजे कायदा आपल्या बाजूने होता. थोड्याच वेळात गावात आवई उठली की, आता अस्पृश्य वीरेश्वराच्या देवळात शिरणार. झाले. जेवणाला बसलेल्या, गावाची वाट धरलेल्या आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. आवई खोटी होती. पण ती पसरवणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की ‘तळे’ म्हटल्याने जितके हात उठणार नाहीत तितके ‘देऊळ’ म्हटल्याने उठतील. पुढे १०८ घागरी पाणी तळ्यातून काढून, शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी मंत्रोच्चारात तळ्यात ओतल्या आणि तळे शुद्ध केले. निःशस्त्र माणसांची डोकी फुटली, त्या हातांना शुद्ध करावे असे त्या गावात कोणाला वाटले नाही. शुद्धी पाण्याची झाली. यालाच मी लाज काढून घेणे म्हणतो.

त्या दिवशी बाबासाहेबांपाशी प्रतिकार करायला तयार असलेली शेकडो माणसे होती, त्यांत सैन्यात राहून आलेलेही होते. एका शब्दाचा अवकाश होता. बाबासाहेबांनी तो शब्द उच्चारला नाही, माणसे आवरली, आणि दाद कायद्याकडे मागितली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्यांनी मनुस्मृती जाळली. पोथी जाळली, कोणाचे घर जाळले नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९४७-४८ साली कासीम रझवीच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांत लूट, जाळपोळ, खून केले. रझवी हा लातूरचा वकील. इस्लामी सत्तेचे रक्षण म्हणून ते सारे चालले होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आपण तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतो आणि पाळलाच पाहिजे. पण पुढचे पान शाळेच्या पुस्तकात नसते. रझाकार पळाले किंवा पकडले गेले, आणि मग ज्यांनी कोणाचे काही बिघडवले नव्हते अशा मुसलमान विणकऱ्यांवर, शेतमजुरांवर, बायका-पोरांवर सूड उगवला गेला. नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. समितीचा अंदाज २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या जिल्ह्यांत सर्वांत अधिक संहार झाला. त्यांच्या खालोखाल ज्यांची नावे आहेत, त्यांत बीड आहे. हा अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही. जिवावर उदार होऊन शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदू शेजारीही समितीला आढळले, हे सांगितले पाहिजे.

दोन्ही वेळची भांडणे तपासा. जमीनदारी, सावकारी, सरकारी नोकऱ्या, कोणाचे राज्य राहणार हा हिशेब. पण रझाकाराने मारले ते दीनच्या नावाने, आणि नंतरच्याने मारले ते धर्माच्या बदल्याच्या नावाने. लाज दोघांचीही गेली, आणि ती परत करायला कोणी आले नाही.

आपले वाडवडील त्यात कुठे होते? दोन्ही बाजूंना आपली माणसे हवी होती. संस्थानात अस्पृश्यांना धर्मांतर करायला लावून संख्या वाढवण्याचा उद्योग चालू होता, आणि तसे सांगणारे पुढारी आपल्यातही निघाले. २७ नोव्हेंबर १९४७ रोजी बाबासाहेबांनी पत्रक काढून बजावले की, हिंदूंचा राग आला म्हणून घाईने इस्लाम स्वीकारू नका, आणि हैदराबादेत निजामाची बाजू घेऊन आपल्या समाजाची मान खाली घालू नका. हे कोण सांगत होते? ज्यांनी १९३५ साली येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली होती, तेच. आपल्या दुःखाचा उपयोग दुसऱ्याच्या लढाईत सरपणासारखा होऊ नये, ही त्यांची काळजी होती. आज मोबाईलवर येणारी चित्रे पाहून आमची पोरे ज्या मिरवणुकीत पुढे नाचायला जातात, तिथे त्यांना पुढे का केले जाते, हे त्यांच्या आई-बापांनी याच दृष्टीने एकदा पाहावे. खटल्यात नाव कोणाचे लागते, जामिनाला शेत कोणाचे गहाण पडते, हेही पाहावे.

कोणी म्हणेल, १९७८ सालचे काय? तिथे देव नव्हता, देऊळ नव्हते, प्रश्न विद्यापीठाच्या नावाचा होता. बरोबर आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यातील आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांना ठार करण्यात आले. ते मातंग होते. त्यांचा अपराध काय, तर जयभीम म्हणणे. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडले, तेही विस्तार करून. आता सांगा, हे धर्माबाहेरचे कसे? विद्यापीठाच्या पाटीने कोणाच्या शेतातली ज्वारी जाणार नव्हती. पण माणसांची वरची-खालची उतरंड देवाने रचली आहे, हे हजार वर्षे कानी पडलेले असले की, खालचा माणूस पाटीवर दिसणे हाच धर्मद्रोह वाटू लागतो. देवळातल्या घंटेचा आवाज नसला म्हणून धर्म तिथे नसतो असे नाही. तो हाडीमासी मुरलेला असतो.

आणखी एक हिंसा आहे, तिची गणती कोणी करत नाही. ती माणसाने स्वतःच्याच अंगावर केलेली. मरीआईच्या नावाने केस वाढवून, कमरेला चिंध्या बांधून, भर चौकात स्वतःच्या उघड्या अंगावर कोरडा ओढणारा पोतराज तुम्ही पाहिला असेल. काहींच्या तर घरातलाच असेल. रक्त निघाले की लोक पैसा टाकत. दुसऱ्याला मारल्याची लाज धर्म काढून घेतो तशी स्वतःला मारून घेण्याची खंतही तो काढून घेतो. आपल्या जिल्ह्यातील दुकडेगावचे एकनाथ आवाड यांचे वडील पोतराज होते. मुलाने घरातच पोतराजकीविरुद्ध उभे राहून बापाचे केस उतरवले, आणि पुढे मानवी हक्क अभियानातून ती प्रथा सोडवण्यासाठी गावोगाव काम केले. २००६ साली त्यांनी नागपूरला हजारो मातंग बांधवांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ‘जग बदल घालुनी घाव’ हे त्यांचे आत्मकथन घरी आणून वाचा, मोठ्याने वाचा, म्हणजे म्हाताऱ्या माणसांनाही ऐकू जाईल.

इथवर वाचून तुम्हांला बरे वाटले असेल. महाड त्यांचे, रझाकार त्यांचे, मरीआई आपण सोडलेली. दाराशी बसलेल्या त्या मुलालाही इथवरचे आवडले असते. पण लेख इथे थांबवला तर ती लबाडी होईल.

श्रीलंकेचे पंतप्रधान बंदारनायके यांच्यावर २५ सप्टेंबर १९५९ रोजी गोळ्या झाडणारा मनुष्य चीवर घातलेला भिक्खू होता. जुलै १९८३ मध्ये त्याच देशात तमिळांची घरे-दुकाने जाळणाऱ्या जमावात पौर्णिमेला विहारात जाणारी माणसे होती. म्यानमारमध्ये ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान जीव घेऊन बांगलादेशात पळाले. गावे सैन्याने जाळली, परंतु त्याआधी कित्येक वर्षे काही भिक्खू धम्मासनावर बसून त्या लोकांविषयी विष ओकत होते. पंचशील त्यांचेही पाठ होते. तुमच्या-आमच्यापेक्षा चांगले पाठ होते.

याहून जुनी एक गोष्ट ‘महावंस’ या सिंहली भिक्खूंच्या ग्रंथात आहे. दुट्ठगामणी राजाने तमिळ राजा एळार याच्याशी युद्ध करून असंख्य माणसे मारली. विजय मिळाला, पण राजाला झोप लागेना. मारल्या गेलेल्यांची आठवण त्याला छळू लागली. बंधूंनो, हीच हिरी. राजाच्या मनात ती जागी होती. तेव्हा आठ अर्हत त्याच्याकडे आले आणि त्यांनी समजूत घातली की, महाराज, आपल्या हातून जेमतेम दीड माणूस मेला आहे. एकाने त्रिसरण घेतले होते, दुसऱ्याने पंचशील घेतले होते. बाकीचे मिथ्यादृष्टीचे, जनावरांच्या बरोबरीचे, त्यांची गणती कशाला? ग्रंथकाराने ही गोष्ट राजाच्या गौरवासाठी सांगितली आहे. मी ती वाचली तेव्हा मला मनू आठवला. अर्धे माणूस, पाव माणूस मोजण्याचे माप कोणाच्याही हाती गेले, की ते काय करते ते पाहा. ज्या मापाने आपल्या पिढ्यान्‌पिढ्या मोजल्या गेल्या, तेच माप बुद्धाचे नाव घेऊन दुसऱ्याला लावता येते.

म्हणून त्या मुलाचे “आपला काय संबंध” मला टोचले. दीक्षा ही लस नव्हे.

मग बाबासाहेबांनी हा धम्म का निवडला, असे तुम्ही विचाराल. उत्तर त्यांच्या ग्रंथाच्या आरंभीच आहे. सिद्धार्थाने रोगी, म्हातारा आणि प्रेत पाहून घर सोडले, ही कथा बाबासाहेबांनी नाकारली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता. शाक्य संघाने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थाने विरोध केला, आपली बाजूही निर्दोष नाही, चौकशी करा असे सांगितले, आणि बहुमताने ठराव त्याच्याविरुद्ध गेला. तेव्हा त्याने परिव्रज्या पत्करली. पाण्याचे भांडण! उन्हाळ्यात टँकरभोवती कळशा आपटणाऱ्या आपल्या जिल्ह्याला ते समजावून सांगायला नको. त्या सभेत सिद्धार्थाने स्वतःच्या लोकांच्या चुकीवर बोट ठेवले. परक्याचा दोष दाखवायला धम्म लागत नाही, तेवढे सगळ्यांना येते.

आणि वस्तीवर कोणी चालून आले तर? हा प्रश्न मला नेहमी विचारतात, विचारणारे खरे बोलतात. पहिल्या शीलाचा अर्थ मान पुढे करून बसणे असा बाबासाहेबांनी केलेला नाही. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बुद्ध फरक करतात, असे त्यांनी दाखवले. अहिंसा हे मनाचे वळण आहे, आंधळेपणाने पाळायचा नियम नव्हे. लेकराबाळांच्या रक्षणासाठी दारात उभे राहणे, गुन्हा नोंदवण्यासाठी पोलीस ठाण्यात रात्रभर बसणे, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने खटला शेवटपर्यंत नेणे, हे सारे धम्माला धरूनच आहे. गरज संपली की हात खाली आला पाहिजे. तो खाली येत नसेल, त्याला चटक लागली असेल, आणि वर ‘जयभीम’चे किंवा बुद्धाचे नाव घेऊन आपण ते झाकत असू, तर आपण १०८ घागरी घेऊन तळ्यावर उभे आहोत.

आता त्या आजींचे सांगतो. वय पंच्याऐंशीच्या पुढे. त्या मुलाचे बोलणे ऐकून त्या बसल्या जागेवरूनच बोलल्या. पोलीस ॲक्शनच्या वेळी त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. गावातले मोमिनांचे घर लुटले गेले. वरच्या आळीने धान्य, दागिने, बैल नेले, आणि उरलेले न्यायला मग आपल्या वाड्यातलीही माणसे गेली. त्यांचे वडील एक तांब्याची घागर घेऊन आले. घरात मातीच्या मडक्यापलीकडे काही नव्हते, तिथे तांब्याची घागर.

“माय घागरीकडं बघत बसली,” आजी म्हणाल्या. “मग बाला म्हनली, ही घागर रोज भरनाऱ्या बाईचं काय झालं ते सांग, मंग मी भरते. बाला सांगता आलं न्हाई. मायनं ती माळवदावर नेऊन पालथी घातली. आमी तिच्यातलं पानी कधी पेलो न्हाई.”

खोलीत कोणी बोलेना. थोड्या वेळाने तोच मुलगा म्हणाला, “आजी, मग विकली का नाही? तांबं होतं ना.”

आजी त्याच्याकडे पाहत म्हणाल्या, “कुनाची इकायची?”